नायड म्हणजे जलपरी नव्हे : आमच्या तलावावरच्या आसरा, नेपच्यूनचा चंद्र आणि एक सॉफ्टवेअर

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा ज्यांचा रोजचा दीड जीबी दुपारीच संपतो, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून टाकतोय. बोलताना मी दोन-तीनदा अडखळलो होतो आणि मागे एकदा कुकरची शिट्टीही वाजली होती. तेवढं गाळलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

आजचा शब्द आहे ‘नायड’. इंग्रजीत कुणी ‘नायॅड’ म्हणतं, कुणी ‘नेयॅड’. आपण नायड म्हणू.

हा शब्द मला कुठे भेटला तर ऑफिसात. मी पुण्यात डेटा इंजिनिअरिंगचं काम करतो. एका सोमवारी टीममध्ये जुन्या रिसर्च पेपरवर बोलायची पाळी माझी होती आणि मी घेतला मायक्रोसॉफ्ट रिसर्चचा २०१३ सालचा पेपर. त्यात ज्या सिस्टीमचं वर्णन आहे तिचं नाव नायड. त्याच मंडळींची आधीची एक सिस्टीम होती, २००७ ची, तिचं नाव ड्रायड. पहिल्याच स्लाइडवर एकीने विचारलं, “नायड म्हणजे काय रे?” मी टेबलाखाली फोनवर शोधलं आणि ठोकून दिलं, “जलपरी.” सगळ्यांच्या डोळ्यांसमोर शेपटीवाली बाई आली. कुणीतरी ग्रुपवर तसलं स्टिकरसुद्धा टाकलं. विषय संपला.

उत्तर चुकीचं होतं. ते कळलं गावी गेल्यावर, आणि सांगितलं आजीने.

आमचं गाव साकोली तालुक्यात, भंडारा जिल्हा. जेवताना सहज तिला सांगत होतो की ऑफिसात पाण्यातल्या बाईचा विषय निघाला होता. ग्रीस नावाच्या देशात लोक म्हणायचे की प्रत्येक झऱ्यात, तळ्यात, नदीत एकेक बाई राहते, दिसायला सुंदर, तरणीताठी, पण राग आला तर माणसाला आत ओढून नेते. आजीने ताटातली भाकरी मोडली आणि म्हणाली, “म्हंजे आसरा.”

मी म्हटलं, आजी, तिला शेपटी असते.

“आसरेले कायची शेपटी रे? बाईमानूस आहे ते. आपल्या पान्याची आहे. दुसऱ्या गावच्या पान्यात नाही जात ते.”

त्या रात्री मी नीट वाचायला बसलो. आजी बरोबर होती आणि माझा फोन चूक.

ग्रीकांच्या नायडला शेपटी नाहीच. ती पूर्ण बाई आहे. आणि ती समुद्रातली नाही. समुद्रातल्या वेगळ्या, त्यांना नेरीइड म्हणत. नायड गोड्या पाण्याची. त्यातही पोटभेद होते : झऱ्याची वेगळी, नदीची वेगळी, दलदलीची वेगळी. तळ्यात राहणारी ती लिम्नाड. ‘लिम्ने’ म्हणजे तळं. तळ्या-सरोवरांच्या शास्त्राला लिम्नॉलॉजी म्हणतात ते याच शब्दावरून. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नायड ही ‘पाण्याची देवी’ अशी मोघम नसते, ती एका ठरावीक पाण्याची असते. अमुक गावाबाहेरच्या अमुक झऱ्याची. झरा आटला की तीही संपली, असं मानत. आजीच्या “आपल्या पान्याची आहे” या तीन शब्दांत हेच होतं.

आता आसरा. पुण्या-मुंबईकडच्या ऐकणाऱ्यांपैकी काहींना ‘साती आसरा’ माहीत असतील. विहिरीच्या काठावर, नदीच्या डोहाशी शेंदूर फासलेले सात दगड किंवा एकाच दगडावर ओळीने कोरलेल्या सात बाया, त्याच. दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात महाराष्ट्रातल्या अशा देवींच्या ठाण्यांवर लिहिलंय. हा गणिती माणूस पायी फिरून दगड बघायचा, हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

आसरा हा शब्द आला ‘अप्सरा’वरून. आपल्या डोक्यात अप्सरा म्हणजे इंद्राच्या दरबारात नाचणारी, लावणीतली, सिनेमातली. पण शब्द फोडून बघा : अप् म्हणजे पाणी, आणि सर म्हणजे सरकणं, वाहणं. पाण्यातून जाणारी. मूळची ती पाण्याचीच बाई. स्वर्गात तिची बदली नंतर झाली. खेड्यापाड्यातली आसरा मात्र पाण्याशीच राहिली.

आणि ‘नायड’? हा शब्द ग्रीक भाषेतल्या ‘वाहणे’ या क्रियापदावरून आलाय. भाषांचे अभ्यासक त्याची मुळं शोधत मागे जातात तेव्हा ती संस्कृतमधल्या ‘स्ना’ धातूच्या घराण्यात पोचतात. स्ना म्हणजे स्नानातला स्ना. म्हणजे सकाळी आपण ‘स्नान’ म्हणतो (म्हणजे आजोबा म्हणतात, आपण ‘आंघोळ’) तो शब्द आणि नायड हे लांबचे चुलतभाऊ. हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी खरंच उठून बसलो.

आमच्या भागात आसरा इतक्या का, हे कळायला जिल्हा माहीत पाहिजे. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या लोकांनी काही शतकांपूर्वी इथे उताराला आडवी मातीची पाळ घालून तलाव बांधले, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा त्याच्या खालच्यात. भाताची शेती त्यावर चालते. छोट्या तलावाला आम्ही बोडी म्हणतो. सरकारी कागदात मोठ्यांचं नाव ‘मामा तलाव’ असतं. लहानपणी मला वाटायचं कुणाच्या तरी मामाचे आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी गेली १९५१ च्या सुमारास, ‘माजी’ मात्र चिकटून राहिलं.

त्यातला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे नवेगाव बांध. आज तो गोंदिया जिल्ह्यात मोडतो, पण १ मे १९९९ ला जिल्हा फुटला त्याआधी तो भंडाऱ्यातच होता. हा तलाव कोलू पाटील नावाच्या कोहळी माणसाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगतात. लोकांनी त्याला पुढे देव केलं, कोलासुर देव. आणि तलावाभोवतीच्या डोंगराच्या सात शिखरांना म्हणतात ‘सात बहिणी’. का? तर तलाव बांधताना या सात बहिणींनी मदत केली. मला ही गोष्ट फार आवडते. ग्रीकांची नायड आयत्या झऱ्यात राहायला येते. आमच्याकडच्या सात जणी आधी टोपली उचलतात.

आमच्या गावच्या आसरा पाळीवर आहेत, मोहाच्या झाडाखाली. सात दगड, त्यातला एक अर्धा मातीत गेलेला. नवीन लग्न झालेली मुलगी आली की तिथे ओटी भरायची : हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, नारळ, लिंबू. हिरव्या बांगड्यांवर थांबा जरा. ‘निम्फ’ या ग्रीक शब्दाचा साधा अर्थ काय माहितीये? नवरी. लग्नाच्या वयाची मुलगी. अथेन्समध्ये लग्नाआधी नवरीच्या आंघोळीचं पाणी ‘कॅलिऱ्होए’ नावाच्या झऱ्यावरून खास उंच मानेच्या भांड्यातून आणत. पाण्याजवळची ती आणि घरात येणारी ही, दोघींना एकच शब्द. कमळाच्या एका मोठ्या जातकुळीचं शास्त्रीय नाव ‘निम्फिया’ आहे, तेही इथूनच.

कमळावरून हायलसची गोष्ट. हायलस हा हेरॅक्लीजचा लाडका पोरगा, सोबती म्हणा. जहाज किनाऱ्याला लागलं, हा घागर घेऊन पाणी आणायला गेला. झऱ्यातल्या नायडना तो आवडला. त्यांनी हात धरून आत घेतला. हेरॅक्लीज जंगलभर हाका मारत फिरला, जहाज निघून गेलं तरी. वॉटरहाउस या इंग्रज चित्रकाराचं १८९६ सालचं चित्र आहे यावर, मँचेस्टरच्या आर्ट गॅलरीत. कमळाच्या पानांमधून वर आलेल्या सात मुली. हो, सातच, मोजून बघा. २०१८ मध्ये गॅलरीने ते आठवडाभर भिंतीवरून उतरवलं होतं, बाईला फक्त शोभेची किंवा जीवघेणी दाखवायची ही जुनी सवय, त्यावर चर्चा व्हावी म्हणून. चर्चेपेक्षा भांडणच जास्त झालं.

आता आमच्याकडचं सांगतो. कमळं फुललेल्या तलावात उतरू नको, आसरा पाय धरते, हे आम्हाला प्रत्येक मोठ्या माणसाने सांगितलंय. आणि कमळाच्या तलावात खरंच पाय धरला जातो. देठं लांब, चिवट, खाली गाळ. पोहता येणारा पोरगासुद्धा त्यात गुंडाळला जातो, घाबरून हातपाय मारतो आणि जास्त अडकतो. हायलस पाणी आणायला गेला होता, आमचे पोट्टे कमळ आणायला जातात. मी सातवीत असताना आमच्या शाळेतला एक मुलगा असाच गेला. त्याच्या आईला गावाने सांगितलं, आसरांना आवडला. त्या वेळी मला हे ऐकून राग आला होता. आज वाटतं, त्या बाईला तेव्हा ‘तू लक्ष नाही दिलंस’ असं कुणी म्हणालं नाही, त्यामागे हे एक वाक्य होतं.

पण याच शब्दाने आमच्या घरात नुकसानही केलंय, आणि एपिसोड करायचं खरं कारण ते आहे.

माझी काकू. तिच्या परवानगीनेच सांगतोय. पहिल्या बाळंतपणानंतर तीन-चार आठवड्यांत ती बोलेनाशी झाली. बाळ रडलं तरी भिंतीकडे बघत बसायची. झोप नाही, जेवण नाही. मी दुसरी-तिसरीत असेन, मला एवढंच आठवतं की तिच्या खोलीत जायची बंदी होती. घरात ठरलं : ही ओल्या अंगाने पाळीवर गेली होती, आसरा लागल्या. मग सात मंगळवार ओटी, उतारा, गावाबाहेरचा एक जाणकार. असं करत वर्ष गेलं. पुढे तिच्या माहेरच्यांनी भंडाऱ्याला एका डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी पाच मिनिटांत ओळखलं : बाळंतपणानंतर येणारं नैराश्य. पुष्कळ बायकांना होतं, औषध आहे. काही महिन्यांत काकू हसायला लागली.

ग्रीकांकडे या ‘लागण्या’ला नेमका शब्द आहे : ‘निम्फोलेप्टोस’, निम्फांनी धरलेला. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये सॉक्रेटिस नदीकाठी बोलता बोलता म्हणतो की मला निम्फांनी धरलं तर आश्चर्य मानू नकोस. तो अर्ध्या थट्टेत आहे. पण अथेन्सजवळ वारी नावाच्या ठिकाणी एक गुहा आहे, तिथे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात आर्किडेमॉस नावाच्या माणसाने दगडात स्वतःबद्दल कोरून ठेवलंय की मी निम्फांनी धरलेला आहे आणि त्यांच्याच सांगण्यावरून मी ही गुहा घडवली. त्याने तिथे निम्फांसाठी बागही केली. तो आजारी होता, भक्त होता की दोन्ही, आज ठरवता येणार नाही. त्याला लाज वाटत नव्हती एवढं मात्र दिसतं, नाहीतर कुणी दगडात कोरून ठेवत नाही.

मी काकूला विचारलं, तुला आता आसरांचा राग येतो का? ती म्हणाली, ओटी भरायला सात बाया यायच्या, माझ्याजवळ बसायच्या, कुणी केस विंचरून द्यायचं. तेवढा वेळ बरं वाटायचं. मग थोडं थांबून म्हणाली, “पण गोळी आधी भेटली असती त पोराचं पहिलं वर्ष मी पाह्यलं असतं.”

यावर मी काही जोडत नाही. एवढंच सांगतो की तुमच्या घरात बाळंतीण अशी गप्प झाली असेल तर ओटी भरायची तर भरा, पण त्याच आठवड्यात डॉक्टरकडेही न्या.

चला, आता या शब्दाचे बाकीचे धंदे बघू. शास्त्रज्ञांनी तो बराच वापरलाय.

सगळ्यात मस्त वापर कीटकांमध्ये. चतुर माहितीये ना, ज्याला आपण लहानपणी हेलिकॉप्टर म्हणायचो आणि शेपटीला दोरा बांधून त्याचे हाल करायचो. चतुर आणि त्याची बारीक बहीण टाचणी, यांचं बालपण पाण्यात जातं. त्या पाण्यातल्या पिल्लाला नायड म्हणतात. जुन्या पद्धतीत हिशोब असा होता : फुलपाखरासारखी पूर्ण रूप बदलणारी असेल तर अळी, तुडतुड्यासारखी जमिनीवर हळूहळू मोठी होणारी असेल तर निम्फ, आणि तशीच पण पाण्यात वाढणारी असेल तर नायड. आजकाल बरेच अभ्यासक सगळ्यांना सरसकट अळीच म्हणतात. मला नायडच आवडतं.

हे पिल्लू दिसायला अजिबात अप्सरा नाही. चिखलाच्या रंगाचं, बेढब, सहा पायांचं. पण खालचा ओठ बघा. तो घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो, टोकाला चिमटा. डासाची अळी जवळ आली की डोळ्याचं पातं लवायच्या आत ओठ बाहेर, अळी आत. श्वासाची पद्धत त्याहून भारी. चतुराच्या नायडचे कल्ले असतात गुदाशयात. म्हणजे पाणी मागून आत ओढायचं, प्राणवायू घ्यायचा, पाणी मागूनच सोडायचं. आणि पळायची वेळ आली तर तेच पाणी जोरात सोडायचं, की जेट इंजिन. टाचणीच्या नायडला मागे पानासारखे तीन कल्ले असतात, त्यावरून दोघांतला फरक कळतो. दिवस भरले की हे पिल्लू एखाद्या देठावर चढतं, पाठीवर कातडी उलते आणि आतून पंखवाला चतुर निघतो. बांधीत धानाच्या काडीला चिकटलेली रिकामी कात तुम्ही पाहिली असेल. पुढच्या वेळी पाहिली तर हळूच काढून बघा, डोळ्यांची जागासुद्धा दिसते.

पावसाळ्यात शेतांवर ढगासारखे उडतात ते पिवळट चतुर, पँटाला फ्लेव्हसेन्स त्यांचं नाव. त्यांच्या नायडला वेळ कमी असतो, कारण ते साचलेल्या तात्पुरत्या पाण्यात वाढतात. दोनेक महिन्यांत उरकावं लागतं. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये असं मांडलं की हे चतुर भारतातून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात आणि पुढच्या पिढ्या परत येतात. म्हणजे आमच्या बांधीतल्या नायडचं पोर केनियात. शेतावर मजुरी करणाऱ्या कुणाला पासपोर्ट नाही, याला लागत नाही.

वनस्पतीत ‘नायस’ ही पाणवनस्पतींची प्रजाती आहे, लिनियसने १७५३ मध्ये दिलेलं नाव. पूर्ण पाण्याखाली राहते, पातळ पानं, फुलं इतकी लहान की दिसतच नाहीत, परागीकरणही पाण्याखालीच. धानाच्या शेतात आणि तळ्यांत उगवते, पाणपक्षी खातात. गोड्या पाण्यातल्या मोठ्या शिंपल्यांनाही प्राणिशास्त्रात नायड म्हणायची पद्धत आहे. त्यांची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून फुकट प्रवास करतात. एवढं पुरे त्यांचं.

माणसांत एक नायड आहे. डायना नायड, अमेरिकन पोहणारी. तिचं आडनाव तिला ग्रीक वंशाच्या सावत्र वडिलांकडून मिळालं आणि ते खरंच या शब्दाचं रूप आहे. २ सप्टेंबर २०१३ ला, वयाच्या ६४ व्या वर्षी, क्यूबापासून फ्लोरिडापर्यंत सुमारे १७७ किलोमीटर ती पोहली, जवळजवळ ५३ तास. आधीचे चार प्रयत्न फसले होते. त्या पोहण्याला अधिकृत मान्यता मिळाली नाही आणि वाद अजून चालू आहे. २०२३ चा सिनेमा नेटफ्लिक्सवर आहे, ‘नायड’ नावाचाच. बघा, आवडेल.

मग चंद्र. नेपच्यूनच्या सगळ्यात आतल्या चंद्राचं नाव नायड. १९८९ मध्ये व्हॉयेजर २ यान जवळून गेलं तेव्हा सापडला. नेपच्यून हा रोमन लोकांचा समुद्रदेव, म्हणून त्याच्या चंद्रांना पाण्यातल्यांचीच नावं. हा साधारण शंभर किलोमीटर लांबीचा वेडावाकडा दगड, सात तासांत नेपच्यूनभोवती एक फेरी मारतो. त्याच्या शेजारच्या कक्षेत थॅलासा आहे. दोघांच्या कक्षांत फक्त १८५० किलोमीटरचं अंतर, पण नायडची कक्षा थोडी तिरकी आहे, म्हणून जवळून जाताना ती थॅलासाच्या दोनदा वरून, दोनदा खालून जाते आणि सुमारे ३५०० किलोमीटर लांब राहते. नासाच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये हे जाहीर केलं. फुगडी समजा, पण हात न धरता.

हे आजीला सांगितलं. तिने विचारलं, “तिथं पानी आहे का?” मी म्हटलं, असलं तर गोठलेलं. “मंग नाव कायले ठेवलं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चंद्राच्या बाबतीत मी आजीच्या बाजूने आहे. नाव शोभतं, पण जुळत नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांचं नाव मात्र जुळतं, आणि इथे मी थोडा गावाकडून बोलणार. मोठ्या डेटावर काम करताना आपण हिशोब टप्प्याटप्प्याने करतो, एका टप्प्याचं उत्तर पुढच्यात जातं. याला डेटाफ्लो म्हणतात. आमच्या तलावांसारखंच, वरच्याचा सांडवा खालच्यात. ड्रायडमध्ये, म्हणजे झाडावरच्या निम्फेच्या नावाच्या सिस्टीममध्ये, डेटा असा वरून खालीच जायचा, मागे फिरायचा नाही. नायडमध्ये तो पुन्हा वर नेता येतो, गोल फिरवता येतो, तेही नवा डेटा सतत येत असताना. मग प्रश्न पडतो, कुठलं पाणी कुठल्या फेरीचं हे कळणार कसं? त्यासाठी प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का असतो, त्यात ‘ही कितवी फेरी’ हेही लिहिलेलं. आणि सिस्टीम सतत हिशोब ठेवते की अमुक वेळेचं सगळं येऊन गेलं, आता पुढे उत्तर सोडायला हरकत नाही. पाटकऱ्याला विचारा, तो नेमकं हेच करतो : वरच्या बांध्या भरल्या का, मगच खालचं पाणी सोडायचं.

झाडावरची झाली, आता वाहत्या पाण्यातली, असा त्यांचा विनोद असणार. एवढ्या कोड्यात टाकणाऱ्या विषयाला इतकं सरळ नाव क्वचित मिळतं.

आता शेवटी परत पाळीवर. त्या सुट्टीत मी मुद्दाम आसरांच्या दगडांपर्यंत गेलो. तलाव अर्धा बेशरमने भरलाय. बाहेरच्यांसाठी : बेशरम म्हणजे जांभळट फुलांचं ते झुडूप, तोडलं तरी पुन्हा येतं, म्हणून हे नाव. ते पसरलं की पाणवनस्पती जातात, पाणवनस्पती गेल्या की मासे जातात, आणि चतुराच्या नायडला चढायला देठही उरत नाही. भंडारा-गोंदियात यावर काम झालंय. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांच्यासोबत ढिवर समाजाच्या मासेमारांनी, विशेषतः बायकांनी, काही तलावांतून बेशरम उपटलं, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि जुन्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासे परत आले. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या गावच्या तलावावर अजून कुणी हात घातलेला नाही. यंदा एप्रिलमध्ये पाणी उतरलं की सुरू करायचं असं आम्ही दहा-बारा जणांनी ठरवलंय, ढिवर मोहल्ल्यातल्या दोन मावश्या सांगतील तसं. काकू पण येतेय. ती म्हणाली, आधी मोहाच्या झाडाखालचं साफ करू, तो सातवा दगड वर काढू.

ऑफिसात मी सोमवारी दुरुस्ती केली. ग्रुपवर लिहिलं : नायड म्हणजे जलपरी नव्हे, गावच्या तलावातली आसरा, शेपटी नाही. तीन जणांनी अंगठा दिला. स्टिकर टाकणाऱ्याने विचारलं, “आसरा म्हणजे निवारा ना?” तोही एक अर्थ आहे, तो ‘आश्रय’वरून आलेला, शब्द वेगळा. त्यालाच पुढच्या एपिसोडला बोलवतोय.

तुमच्या गावात पाण्यातल्या बाईला काय म्हणतात आणि ती नेमक्या कुठल्या पाण्यात राहते, हे व्हॉइस नोटमध्ये पाठवा. तलावाचं नाव नक्की सांगा. नुसतं “आमच्याकडे पण आहे” नको.